आधणाची किटली आणि चहाची किटली

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत एक काळी, जड, अंगभर बारीक पुटकुळ्या असलेली जपानी किटली येऊन बसली आहे. कुणाला ती वास्तुशांतीला भेट मिळाली, कुणाला ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी दिली, कुणी हौसेने विकत आणली. दिवाणखान्यात ती शोभते यात शंका नाही. पण ती वापरायची कशी, याबद्दल घरोघरी निरनिराळे समज आहेत. त्यांतले तीन तर मी सर्रास ऐकतो. पहिला, ही लोखंडाची आहे, तेव्हा गॅसवर ठेवायला काय हरकत? दुसरा, जाड बिडाची आहे म्हणून तिच्यात चहा तासन्‌तास गरम राहतो. आणि तिसरा, तिच्यातल्या चहातून अंगाला लोह मिळते, तेव्हा रक्त कमी असलेल्या बाईने तो मुद्दाम प्यावा.

तिन्ही समजांत थोडे थोडे तथ्य आहे आणि घोटाळ्याचे मूळही तेच आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे ओतकामाच्या धंद्यात गेली. त्यामुळे घरात बिडाचे कोणतेही भांडे आले की आधी त्यात डोकावून आणि मग ते उलटे करून पाहण्याची मला खोड आहे. या किटलीच्या बाबतीत ती खोड उपयोगी पडते. कारण सगळे उत्तर किटलीच्या आतल्या अंगावर लिहिलेले असते.

एका नावाची दोन भांडी

अमेरिकेतल्या दुकानांत या किटलीला सरसकट ‘तेत्सुबिन’ म्हणतात. ‘तेत्सु’ म्हणजे लोखंड आणि ‘बिन’ म्हणजे बाटली, सुरई. पण जपानी घरात तेत्सुबिन म्हणजे पाणी उकळण्याचे भांडे. तिच्यात फक्त आधण ठेवायचे. चहाची पत्ती तिच्यात घालत नाहीत. आतून ती उघड्या बिडाची असते, करडी-काळसर, हाताला किंचित खरखरीत. ती विस्तवावर ठेवण्यासाठीच केलेली असते.

पत्तीवर गरम पाणी ओतून चहा मुरवायचा तो दुसऱ्या भांड्यात. त्याचे नाव ‘क्यूसू’. जपानी घरांत क्यूसू सहसा मातीचीच असते; तोकोनामे गावच्या तांबड्या मातीच्या क्यूसू त्यासाठी नावाजलेल्या आहेत. अलीकडच्या काळात हीच क्यूसू बिडाचीही होऊ लागली आणि तिच्या आत एनॅमलचा मुलामा चढवण्यात आला. तिला ‘तेत्सु-क्यूसू’ म्हणतात. तिच्यासोबत पत्ती ठेवायला स्टीलची जाळी मिळते. आपल्याकडे भेट म्हणून येते ती बहुतेक वेळा ही दुसरी किटली, पण नाव मात्र पहिलीचे घेऊन.

आपली कोणती हे ओळखण्यासाठी झाकण काढून दिव्याखाली आत पाहावे. आतला भाग काळा, चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत असेल तर ती एनॅमलची, म्हणजे चहा मुरवायची. मंद, करडा, कुठे तांबूस डाग असलेला दिसला तर ती आधणाची. जाळी मिळाली असेल तर बहुधा चहाची. लोहचुंबकाचा येथे काही उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटतो. काही कारखाने दोन्ही कामांना चालतील अशा मुलाम्याच्या किटल्याही करतात. तेव्हा सोबतचा कागद फेकून देण्यापूर्वी वाचलेला बरा.

आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचे तर आधणाची किटली म्हणजे बिडाचा तवा आणि चहाची किटली म्हणजे कल्हई केलेले पितळेचे पातेले. बिडाच्या तव्याला कुणी कल्हई लावत नाही आणि कल्हईचे पातेले कुणी रिकामे चुलीवर तापवत नाही. दोन्ही धातूचीच, पण त्यांना वागवण्याची रीत वेगळी.

तोटी कशी आली

जपानात चहा चीनमधून आला. एइसाइ नावाच्या झेन भिक्षूने 1191 साली चीनहून परतताना चहाचे बी आणले आणि 1211 मध्ये चहाच्या आरोग्यगुणांवर एक ग्रंथ लिहिला. त्या काळचा चहा म्हणजे पत्तीची वस्त्रगाळ पूड. ती वाडग्यात घालून वर गरम पाणी ओतायचे आणि बांबूच्या घुसळणीने फेस आणायचा. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (1522–1591) यांनी ज्या चहाविधीला आजचे रूप दिले, त्यात चहा असाच करतात. या विधीतले पाणी तापवण्याचे भांडे म्हणजे ‘चागामा’. त्याला तोटी नसते. पाणी बांबूच्या लांब दांड्याच्या पळीने काढायचे. पाणी तापू लागले की त्यातून जो आवाज निघतो त्याला जपानी लोक पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची उपमा देतात. तो आवाज चांगला यावा म्हणून काही भांड्यांच्या तळाशी आतून लोखंडाचे लहान तुकडे मुद्दाम बसवलेले असतात.

सुटी पत्ती पाण्यात मुरवून पिण्याची रीत पुढे रुळली. 1738 साली उजीजवळच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने कोवळी पाने वाफवून, हाताने वळून वाळवण्याची पद्धत बसवली. आजच्या ‘सेन्चा’ या हिरव्या चहाची ही सुरुवात. विधी बाजूला ठेवून चार मित्रांत बसून प्यायचा हा चहा, त्याला पळीपेक्षा तोटीचे भांडे सोयीचे. अठराव्या शतकात चागामाला आकाराने लहान करून तोटी आणि कडी जोडली गेली, आणि तेत्सुबिन जन्माला आली.

तिचे माहेर म्हणजे उत्तर जपानचा इवाते प्रांत. मोरिओका ही तिथल्या नाम्बु सरदारांची राजधानी. त्यांनी सतराव्या शतकात क्योतोहून चागामा ओतणारे कारागीर बोलावून घेतले. लोखंड, साच्याला लागणारी वाळू व माती आणि कोळसा हे सारे त्या मुलखात होतेच. सरदारांच्या नावावरून या कामाला ‘नाम्बु तेक्की’, म्हणजे नाम्बुची लोखंडी भांडी, असे नाव पडले. त्याच प्रांतातले मिझुसावा हे ओतकामाचे दुसरे जुने गाव. 2006 पासून ते ओशू शहरात सामील झाले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंड युद्धसाहित्याकडे वळले आणि किटल्यांच्या ओतकामावर कडक निर्बंध आले. युद्ध संपले तो बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या, स्वस्त किटल्या आल्या. दोन्ही धक्क्यांतून हा धंदा कसाबसा तगला. 1975 मध्ये जपान सरकारने नाम्बु तेक्कीला पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला. पुढे युरोप-अमेरिकेतल्या चहाच्या दुकानांकडून मागणी आली तेव्हा आतून एनॅमलच्या, बाहेरून निळ्या-हिरव्या-लाल रंगांच्या चहाच्या किटल्या निर्यात होऊ लागल्या. आपल्या घरात आली ती या लाटेबरोबर.

साच्यापासून किटलीपर्यंत

बीड म्हणजे तीन-चार टक्के कार्बन मिसळलेले लोखंड. त्या कार्बनमुळे ते पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत सहज शिरते. म्हणूनच आपल्याकडेही तवे, वजने आणि गटारांची झाकणे बिडाचीच. पण त्याच कार्बनमुळे बीड ठिसूळ असते. तांब्याचे भांडे पडले तर पोचते, बिडाचे पडले तर तडकते.

हातकामाच्या तेत्सुबिनसाठी वाळू आणि मातीचा साचा करतात. साचा ओला असतानाच त्याच्या आतल्या अंगावर नक्षी दाबून उमटवायची. त्या पुटकुळ्यांच्या नक्षीला ‘आरारे’, म्हणजे गारा, असे म्हणतात. त्यातला प्रत्येक ठिपका कारागीर हाताने, एकेक करून, दाबतो. ओळ वाकडी झाली तर नंतर दुरुस्त करायला वाव नाही. मग किटली आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवायचा आणि साचा व गाभा यांच्यामधल्या अरुंद फटीत वितळलेले बीड ओतायचे. भांडे सगळीकडे सारख्या जाडीचे व्हायचे तर हा गाभा केसभरही सरकून चालत नाही. ओतकामात आयुष्य काढलेला माणूस या ठिकाणी मनोमन हात जोडतो.

पुढची पायरी आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. साच्यातून निघालेली किटली कोळशाच्या भट्टीत पुन्हा आठशे ते हजार अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे पृष्ठभागावर लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो. तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो सुटत राहतो आणि खालचे लोखंड खात राहतो. हा काळा थर मात्र धरून बसतो आणि खालच्या लोखंडाला सांभाळतो. हेच तेत्सुबिनचे आतले अस्तर. ते घासणीने घासले की गेले. बाहेरच्या अंगावर तापलेल्या स्थितीत जपानी लाखेचा हात देतात आणि वर लोखंड व चहाच्या अर्काचे काळे पाणी फिरवतात.

काळ्या रंगाचे गुपित

हे काळे पाणी आपल्याला अनोळखी नाही. चहात टॅनिनच्या जातीची द्रव्ये असतात. त्यांची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच रसायनाची. आपल्याकडे बायका मेंदी चहाच्या पाण्यात कालवून रात्रभर लोखंडी कढईत ठेवतात, तिथेही हेच घडते. आवळा लोखंडी भांड्यात काळा पडतो त्याचे कारणही तेच. जपानात पूर्वी विवाहित स्त्रिया दात काळे करीत, त्या दातवणाला ‘ओहागुरो’ म्हणत. तेही लोखंड आणि टॅनिनचेच. किटलीच्या अंगावर फिरवायच्या काळ्या पाण्यालाही कारागीर हेच नाव देतात.

आता आधणाच्या किटलीत चहाची पत्ती का घालायची नाही, हे उघड होईल. उघड्या बिडात चहा उकळला तर तो शाईसारखा काळवंडतो आणि चवीला धातूसारखा लागतो. विष नव्हे ते, पण तो चहाही नव्हे. चहाच्या किटलीत एनॅमल असते ते नेमके ही गाठ पडू नये म्हणून. पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून आपण कल्हई लावतो, त्याच न्यायाने.

मग एनॅमलची किटली विस्तवावर का नको? एनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून बसवलेली काच. तापल्यावर बीड आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. आतले पाणी आटले, किंवा तळाला एकाच जागी जाळ लागला, की काचेला बारीक चिरा पडतात. पूर्वी घरोघरी एनॅमलच्या थाळ्या आणि मग असत. त्यांचे टवके उडून खाली गंज धरलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चहाच्या किटलीचा आतून टवका उडाला तर तिच्यात चहा करणे थांबवावे. काचेचे कण पोटात जाण्यापेक्षा तिच्यात फुले ठेवलेली बरी.

चहा किती वेळ गरम राहतो?

आता दुसरा समज. थोडा हिशेब करू. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे नवव्या भागात एक ग्रॅम लोखंड तापते. म्हणजे एक किलोची किटली उष्णतेच्या हिशेबात 110 ग्रॅम पाण्याच्या बरोबरीची. आता वीस अंशांच्या थंड किटलीत अर्धा लिटर उकळते पाणी ओतले तर दोघांचे तापमान साधारण 86 अंशांवर येऊन जुळते. ओतताना वाफेबरोबर आणखी थोडी उष्णता जाते. माझ्या घरच्या किटलीत थर्मामीटर घालून पाहिले तेव्हा तो 83 वर थांबला.

म्हणजे थंड बिडाची किटली चहा गरम ठेवण्यापूर्वी त्याला पंधरा-सतरा अंशांनी गार करते. दार्जिलिंग किंवा आसामचा काळा चहा करायचा तर हे नुकसान आहे. त्याला कढत पाणीच हवे. म्हणून आधी किटली गरम पाण्याने भरून दोन-तीन मिनिटे ठेवावी, ते पाणी ओतून टाकावे आणि मग चहा करावा. अशी तापवलेली किटली स्वतःजवळची उष्णता चहाला देत राहते. पण तिचा साठा मोठा नाही. अर्धा लिटर चहाच्या उष्णतेच्या फार तर पाचवा हिस्सा. शिवाय बीड उष्णतेचे वाहक आहे, आणि काळा, खरखरीत पृष्ठभाग चकचकीत पृष्ठभागापेक्षा अधिक उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा पातळ चिनी मातीच्या किटलीपेक्षा ती थोडा अधिक वेळ साथ देईल, पण तिची थर्मासशी तुलना नको. तासभर चहा गरम हवा असेल तर तो गाळून थर्मासमध्येच ठेवावा.

हिरव्या चहाच्या बाबतीत तर फार गरम राहणे हा दोषच. पत्तीतली कडवट-तुरट द्रव्ये कढत पाण्यात भराभर उतरतात. गोडसर, रसाळ चव देणारे थिआनिन हे द्रव्य मात्र कमी तापमानालाही उतरते. म्हणून ग्योकुरो या उंची चहाला पन्नास-साठ अंशांचे पाणी, सेन्चाला सत्तर ते ऐंशी, आणि होजिचा किंवा गेन्माइचा या भाजक्या चवीच्या चहांना थेट आधणाचे. ‘हिरवा चहा म्हणजे कडू काढा’ असे म्हणून तो सोडून देणाऱ्या आपल्या मंडळींनी बहुधा तो आधणाच्या पाण्यात पाच मिनिटे मुरवलेला असतो.

करून पाहण्याची रीत

दोन किटल्या असतील तर एकीत आधण आणि दुसरीत चहा. एकच असेल तर पाणी नेहमीच्या भांड्यात उकळले तरी चालते.

सेन्चासाठी दोघांपुरते सुमारे 200 मिलिलिटर पाणी आणि पाच-सहा ग्रॅम पत्ती, म्हणजे भरलेले दोन चहाचे चमचे. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी आणि मग ते गार करावे. थर्मामीटर लागत नाही. एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतले की पाणी सुमारे दहा अंशांनी उतरते. आधी कपांत ओतावे, मग पत्तीवर. जपानात याच कामासाठी ‘युझामाशी’ नावाचे लहान चोचीचे भांडे असते. पत्ती जाळीत सैल पसरेल एवढी जागा हवी. पाणी ओतून एक मिनिट थांबावे, किटली हलवू नये. मग कपांत थोडे थोडे आळीपाळीने ओतावे, म्हणजे एक कप फिका आणि दुसरा कडक होत नाही. शेवटचा थेंबही काढावा. चव त्यात एकवटलेली असते, आणि पत्ती पाण्यात राहिली तर दुसरा चहा कडू होतो. दुसऱ्या वेळी पाणी थोडे अधिक गरम आणि वेळ दहा-पंधरा सेकंदच. तीच पत्ती तीनदा सहज चालते.

बिडाच्या चहाच्या किटलीला, माझ्या मते, होजिचा आणि गेन्माइचा अधिक मानवतात. त्यांना गरम पाणी हवे असते आणि अर्धा मिनिट इकडेतिकडे झाले तरी ते रागावत नाहीत. आपला आले-वेलदोडे घातलेला, दूध-साखरेचा चहा मात्र दोन्हींपैकी कशातच करू नये. दूध जाळीत आणि तोटीत चिकटते, आणि तोटी घासून निघत नाही. त्याला आपले स्टीलचे पातेलेच योग्य.

पाण्याचाही विचार करावा. जपानातले पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत किंवा लंडनकडे नळाला जड पाणी येते. त्यात चहाचा रंग मळकट दिसतो आणि वर साय आल्यासारखा तवंग धरतो. अशा गावी साधे गाळण यंत्र वापरले तरी फरक कळतो.

लोह मिळते का?

आता तिसरा समज, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण. आपल्यातली बरीच घरे शाकाहारी आहेत. पाळी चालू असलेल्या स्त्रीला अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे रोज 18 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 8. शाकाहारी माणसाने हे आकडे 1.8 पट धरावेत असेही तिथे सांगितले आहे. कारण भाजी-धान्यातले लोह मांसातल्या लोहासारखे सहज शोषले जात नाही. अशा घरातल्या मुलीला किंवा सुनेला अशक्तपणा आला आणि कुणी म्हणाले, ‘जपानी लोखंडी किटलीतला चहा पीत जा’, तर ती मनापासून पिणार. म्हणून हिशेब नीट मांडला पाहिजे.

एनॅमलच्या किटलीतून लोह मिळत नाही. पाणी काचेला लागते, लोखंडाला नाही. घराघरांत आहेत त्या बहुतेक किटल्या याच, तेव्हा त्यांच्यापुरता प्रश्न इथेच मिटतो.

उघड्या बिडाच्या तेत्सुबिनमधून उकळत्या पाण्यात थोडे लोह उतरते, हे खरे. किती, ते पाण्यावर, उकळण्याच्या वेळेवर आणि किटलीच्या वयावर अवलंबून. रोजच्या रोज ते सारखे नसते, म्हणून त्याला औषधाची मात्रा म्हणता येत नाही. आणि त्या पाण्याचा चहा केला की टॅनिनच्या जातीची द्रव्ये त्या लोहाला धरून बसतात. हिरड्या-हिराकसाची शाई कपात तयार झाली, आता शरीराने त्यातून लोह सोडवायचे कसे? शिवाय चहा नुसता आपल्याच कपातल्या लोहाला धरत नाही, जेवणातल्या लोहालाही अडवतो. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचे शोषण 64 टक्क्यांनी घटले. कॉफीने ते 39 टक्क्यांनी घटले. तो प्रयोग मांसाहारी जेवणाचा होता. ज्यांचे सगळे लोह पालेभाजी, डाळ आणि बाजरीतून येते, त्यांनी तर अधिकच सावध असावे.

तेव्हा रक्त कमी असलेल्या बाईला किटलीपेक्षा घड्याळाचा उपयोग जास्त. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा नको; मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा. लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये. जेवणात लिंबू पिळावे, कारण ‘क’ जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. लोखंडी कढईत आंबट आणि पाणीदार पदार्थ शिजवला तर त्यात लोह चांगले उतरते. टोमॅटोचे सार किंवा चिंचेची आमटी त्या कढईत करावी आणि झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी. घरात तेत्सुबिन असेलच तर तिच्यातले पाणी नुसतेच प्यावे. जपानात साध्या गरम पाण्याला ‘सायु’ म्हणतात आणि आवडीने पितात. आपल्याकडे आजी सकाळी तांब्याभर कोमट पाणी पीत असे, त्याचाच हा भाऊ.

आणि या सगळ्याच्या आधी रक्ततपासणी. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही पाहायला डॉक्टरांना सांगावे. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन कमी दिसते, पण त्याच्या अंगात लोह पुरेसे असू शकते. आणि काही आजारांत तर लोह साठून अपाय होतो. अशांना जास्तीचे लोह देणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे.

निगा

तेत्सुबिन नवी असेल तर दोन-तीन वेळा पाणी उकळून ओतून द्यावे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. ती तीन-चतुर्थांशच भरावी, नाहीतर उकळी तोटीतून उतू जाते. आच मंद ठेवावी. तापलेल्या किटलीत थंड पाणी कधीही ओतू नये, बीड तडकते. काचेच्या सपाट शेगडीवर ती सरकवू नये, उचलून ठेवावी. काम झाले की सगळे पाणी थर्मासमध्ये काढून झाकण उघडे ठेवावे. अंगच्या उष्णतेनेच ती कोरडी होते. आत साबण नको, घासणी नको, बोटही नको.

थोड्या दिवसांनी आत पांढरट थर दिसू लागेल. तो पाण्यातल्या क्षारांचा. जपानी लोक त्याला ‘यु-आका’ म्हणतात आणि तो जपतात, कारण त्याने गंज आवरतो. तांबूस डाग पडले तरी पाणी स्वच्छ येत असेल तर काही करू नये. पाणी तांबडे येऊ लागले तर हिरव्या चहाचा चोथा फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात टाकावा आणि मंद आचेवर वीस-तीस मिनिटे उकळावा. पाणी काळे होईल, ते फेकून द्यावे. पुन्हा एक-दोनदा करावे. चहा बिघडवणारी तीच शाई इथे गंजावर काळे अस्तर चढवते.

चहाच्या किटलीची निगा याहून सोपी. गरम पाण्याने विसळावी, पुसावी, झाकण उघडे ठेवून वाळू द्यावी. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह या दोन्हींपासून ती दूर ठेवावी. झाकणाच्या कडेला मुलामा पातळ असतो. तिथे ओल राहिली तर गंज धरतो, म्हणून ती कड आठवणीने कोरडी करावी.

यापुढे कुणाला ही किटली भेट द्यायची वेळ आली, तर डब्यात एक चिठ्ठी जरूर घालावी. आधणाची असेल तर ‘यात फक्त पाणी उकळावे, पत्ती घालू नये’. चहाची असेल तर ‘ही विस्तवावर ठेवू नये, आणि लोहासाठी तर मुळीच घेऊ नये’. मोरिओकाच्या कारागिराने एकेक गार हाताने दाबून किटली घडवली. आपल्याला एक ओळ लिहायला काही फार कष्ट नाहीत.